मायक्रोवेव्हचं झबलं

आमच्या सुनेला, पूजाला, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेतली नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि शनिवारी आमचा मायक्रोवेव्ह रुसला.

तिची सगळी मदार त्याच्यावर होती. मागच्या वर्षी माझ्या पदरानं गॅसवर पेट घेतला. थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून मला गॅसजवळ जायची बंदी आहे. ह्यांचा उजवा हात पक्षाघातानंतर थरथरतो, म्हणून त्यांनाही. आमचा मुलगा विश्वजीत सुट्टीवर आला तेव्हा हे यंत्र देऊन परत पलटणीत गेला. पूजानं सकाळी स्वयंपाक करून ठेवायचा, दुपारी आम्ही तो गरम करून खायचा, असं ठरलं होतं.

पण ते थोडं घरघरायचं आणि मधेच गप्प व्हायचं. बऱ्याच वेळानं पुन्हा शहाण्यासारखं सुरू, पुन्हा गप्प. आमटी आपली गारच.

"व्होल्टेज न्हाई," हे खाटेवरून म्हणाले. फौजेत वायरलेसवर होते, त्यामुळं विजेच्या कुठल्याही दुखण्याचं निदान ते न उठता करतात. "समद्यांनी उसाला पाणी सोडलंय. मोटारी बंद झाल्या की चालंल बघ."

मोटारी बंद झाल्या, तरी ते चालेना. पूजानं दुसऱ्या प्लगला लावून बघितलं, आतली काचेची ताटली धुतली, दार चारदा उघडलं-मिटलं. शेवटी खालीच बसली.

"आई, मी न्हाई जात. तुमी दोघं हितं गार खाणार, आन् मी तिथं कशी बसू?"

मलाही एकदा उंब्रजच्या बालवाडीत शिकवायला बोलावलं होतं. पाटीवर बदक काढून दाखवलं तेव्हा पोरं खूश झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "दुपारची ताटं कोण वाढणार?" ते तिथंच संपलं. कुणाचा राग नाही, पण ते बदक अजून आठवतं.

"तू जायचंस," मी म्हणाले. "बघ अजून एकदा."

तिनं बटण बंद केलं, यंत्राच्या मागं हात घातला आणि चटकन काढून घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, ह्याला लय उकडत असंल ओ."

आमच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. रेडिओ आला तेव्हा त्याला मी क्रोशाचं आवरण विणलं, मग टीव्हीला, मिक्सरला. मोतीबिंदू काढल्यावर पहिलं काम मायक्रोवेव्हच्या आवरणाचंच केलं आणि शुक्रवारी ते त्याला चढवलं होतं: जाड निळ्या लोकरीचं, दारापुरतं मोकळं, बाकी चहूबाजूंनी घट्ट. धूळ जाऊ नये, एवढंच डोक्यात. मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, हे कुठं ठाऊक होतं! पूजाला ते सकाळीच सुचलं असणार. माझ्यासमोर बोलायला तिला संध्याकाळ लागली.

"वैशाखात लोकरीचं झबलं घातलंस व्हय त्याला!" हे हसत सुटले. "मीबी बंद पडलो असतो."

"तुमी तर पडूनच हायसा की!"

आवरण काढलं, यंत्र भिंतीपासून पुढं ओढलं, निवू दिलं. मग सुरू केलं. आत फिरणाऱ्या ताटलीकडं आम्ही तिघं टक लावून बघत उभे. आमटीला वाफ आली आणि पूजानं माझा दंड घट्ट धरला.

सोमवारी ती एसटीनं गेली. दुपारी मी उठायच्या आत हे स्वयंपाकघरात होते. डाव्या हातानं बटणं दाबत, स्वतःशीच पुटपुटत. यंत्रानं आवाज दिला, आणि माझं ताट त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिलंच ताट. भात कडेला पोळत होता, मधे गार होता. मी तो एकत्र कालवला.

तेवढ्यात पूजाचा फोन. "आई, चाललं का ओ?"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "जेवाय बसलोय आमी. तू जेवलीस का? न्हाई? मग जेव आदी."