हातबाबाचा लांबलचक मंत्र

रंगारी शिडीवरून पडला आणि त्याचं डोकं फुटलं. रक्ताची धार मानेवरून सदऱ्यात उतरली. गल्ली त्याला उचलून धावली ती थेट हातबाबाच्या ओट्यावर. दवाखाना समोरच, रस्त्यापलीकडे. तिकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

"रक्ता, माझी आज्ञा आहे! आलास तसा माघारी फिर!" बाबा गरजला. जखमेत राख कोंबली, वर तळहात दाबला आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, मालगाडी! डबे संपता संपेनात. शेवटी हात उचलला. रक्त बंद! गर्दीने जयजयकार केला. रक्तालाही कान असतात म्हणायचे.

घरी जाताना रंगारी दोनदा ओकला. डोळे मिटू लागला. बाबाकडून निरोप आला, "दोष तोंडावाटे पडतोय. झोपू द्या." बायकोला राहवेना. दीर नको नको म्हणत असताना तिने नवऱ्याला दवाखान्यात आणलं.

सिस्टरने राख धुतली आणि रक्त पुन्हा भळभळलं.

"बाई, शक्ती मोडलीत तुम्ही!" बायको किंचाळली.

"गप गं. बघ आता." सिस्टरने जखमेवर गॉज घट्ट दाबला. "तुमचा मंत्र मला येत नाही. माझ्या नणंदेचं पुराण सांगते." आणि खरंच सांगितलं! नणंदेने फ्रीज कसा नेला, वर मिक्सर कसा मागितला. दीर मध्येच गॉज उचलून बघायला गेला. तिने त्याचा हात झटकला. "हेच नडतं! सारखं उचलून बघता, म्हणून थांबत नाही." पुराण संपलं, गॉज निघाला. रक्त बंद.

"डोक्याची कातडी अशीच," डॉक्टर म्हणाले. "जखम बोटभर, रक्त तांब्याभर. दाबून धरलं की बहुतेक वेळा थांबतं. मंत्र एवढ्यासाठीच, की तोवर हात हलू नये." त्यांनी दोन टाके घातले, बॅटरी मारून डोळे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. एक बाहुली मोठी, एक लहान. "वहिनी, कवटीच्या आत रक्त साठतंय. तिथं बाबाचाही हात पोचत नाही आणि माझाही. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन लागेल. गाडी उभी आहे, आत्ता निघा."

बायकोने सिस्टरचे हात कपाळाला लावले. "बाबांनीच तुमच्या हातात शक्ती पाठवली, बाई!"

सिस्टरने हात सोडवून घेतले आणि दारातली गाडी दाखवली.

"झालं ना रक्त बंद? चला घरी," दीर म्हणाला.

"पण भावजी, डॉक्टर म्हणतायत..."

"डॉक्टर मोठा की बाबा?"

तिने नवऱ्याला दिराने बोलावलेल्या रिक्षात बसवलं. डॉक्टर रिक्षासमोर आडवे उभे राहिले. लोकांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला परत दवाखान्यात आणलं. टाके सुरेख बसले होते. जखम कोरडी होती. माणूस थंड होता.

"परका हात लागला, म्हणून गेला," बाबाने निकाल दिला. त्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाऱ्याची बायकोही आली होती, लेकराच्या डोक्यावर बाबाचा हात ठेवून घ्यायला.

हे वाचून कुणी शहाणं होईल असं मला वाटत नाही. तरी सांगतो. डोकं फुटलं तर स्वच्छ फडकं दाबून धरा, उचलून बघू नका आणि दवाखाना गाठा. ओकारी आली, गुंगी आली, बरळणं सुरू झालं, तर कुणाच्या बापाचं ऐकू नका, धावा. रक्त थांबलं म्हणजे माणूस वाचला असं नसतं.