बाबाचे डोळे

"रडू दे. दाराला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे," ताई म्हणाली.

ड्रायव्हरने हात मागे घेतला. बंद दाराआड त्याची अडीच वर्षांची लेक, भिंगरी, नव्याकोऱ्या छोट्या पलंगाचा कठडा धरून टाहो फोडत होती. "बाबा दिसत नाही! बाबा दिसत नाही!"

"ताई, अगं घसा सुकेल तिचा."

"सुकू दे. आज उचललीस की उद्या डोक्यावर बसेल. आणि परवा तू पुन्हा स्टीअरिंगवर घोरशील."

बायको गेल्यापासून पोर त्याच्या अंथरुणात, तिच्या आईच्या जागी झोपत होती. झोपत कसली! रात्रभर त्याच्या पोटात लाथा, आणि मधूनच उठून चिमुकल्या बोटांनी त्याच्या पापण्या उघडून बघणं, बाबा आहे ना. वर्षभर असं जागरण केल्यावर दुसरं काय होणार? आज सकाळी भरलेली बस उतारावर असताना त्याचा डोळा लागला. कंडक्टर जिवाच्या आकांताने ओरडला म्हणून ब्रेक दाबला गेला. रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीपासून हातभर अंतरावर बस थांबली. म्हातारीने शिव्यासुद्धा घातल्या नाहीत. ती नुसती थरथरत उभी राहिली आणि तेच त्याला जास्त लागलं.

"या वेळी वर काही सांगत नाही," कंडक्टर म्हणाला होता. "पण पुन्हा डुलकी लागली तर सांगणार हां. तुझ्या पोरीसाठी जीव तुटतो माझा, पण मागे बसलेल्यांनापण पोरंबाळं आहेत."

दाराआड रडणं एकदम थांबलं. बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग धप्पकन आवाज आला.

ड्रायव्हरने दार जवळजवळ तोडलंच. कठड्यावरून चढून भिंगरी खाली पडली होती. ओठ फुटला होता. रक्त बघून ताईचं सगळं अवसान गळालं. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती," म्हणत ती बर्फ आणायला धावली. भिंगरीने बाबाच्या गळ्याला जी मिठी मारली, ती सकाळपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी ओठ डॉक्टरांना दाखवायचा होता. दवाखाना त्याच्याच बसच्या वाटेवर. ताई तिला घेऊन मधल्या एका सीटवर बसली. ड्रायव्हरने दोन वेळा कडक चहा ढोसला होता, तरी पापण्या जड होत होत्या. दर थांब्यावर तो सवयीने डोक्यावरच्या आरशात मागची माणसं बघे, आणि दर वेळी त्या गर्दीत दोन टपोरे डोळे त्याच्याकडेच लागलेले असत. मग एकदा बघतो तर ते मिटलेले. पोर ताईच्या मांडीवरसुद्धा नव्हती, खिडकीला टेकून एकटीच गाढ झोपली होती.

"मी थोपटलंही नाही रे," उतरताना ताई दबक्या आवाजात म्हणाली. "तू आरशात दिसलास की हसायची. हसता हसता गेली झोपी."

ड्युटी संपल्यावर तो वर्कशॉपमध्ये गेला. भंगारात एक फुगीर आरसा पडला होता, कोपऱ्याचा टवका उडालेला.

"घरी कशाला हवाय?" मेकॅनिकने विचारलं. "मागून कोण ओव्हरटेक करतंय?"

"आहे एक," ड्रायव्हर म्हणाला.

संध्याकाळी त्याने आरसा दोन्ही खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीवर ठोकला. दहादा वाकवून, तिच्या पलंगावर आडवं पडून, परत आपल्या पलंगावर पडून बघितलं. ताई या वेळी शिडी धरून उभी होती.

दिवा बारीक केला. भिंगरीचा ओठ थरथरायला लागला.

"वर बघ, भिंगरे. बस सुटली."

तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, डोळे उघड!"

"उघडेच आहेत गं राणी."

वर्षभर जे डोळे उघडे ठेवताना त्याचा जीव जात होता, ते त्याने आता ताणून धरले. आरशातल्या इवल्याशा पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. मग उघडल्याच नाहीत. ताई पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात गेली.

आता त्यालाही झोपायला हरकत नव्हती. पण फुगीर आरशात सगळंच मावतं. लेकीचा छोटा पलंग, मधलं दार, त्याचा मोठा पलंग, आणि त्यावर त्याच्या शेजारची रिकामी जागा. बायको गेल्यापासून ती जागा आज पहिल्यांदाच रिकामी होती. त्याला वाटलं, जाऊन पोरीला उचलून आणावं. अगदी उठून बसला तो.

मग त्याला ती म्हातारी आठवली. सकाळी पुन्हा बसभर माणसं त्याच्या भरवशावर मागे बसणार होती. तो आपल्या कडेला सरकला, शेजारची उशी हाताने सारखी केली आणि डोळे मिटले.