साहेबांचं हसून होईपर्यंत

त्या घरात नक्की कोण कोणाचं कोण, हे कोडं चिमणीच्या आईला काही केल्या सुटत नव्हतं.

उपचार केंद्राच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि मधोमध मुलांच्या चाकाच्या खुर्च्या वळाव्यात म्हणून सोडलेली मोकळी जागा. त्या जागेच्या पलीकडे ती मंडळी बसायची. त्यांचा मुलगा दहाएक वर्षांचा. मान जरा कललेली, हात छातीशी आखडलेले, बोलणं नाही. पण डोळे असे की अख्ख्या खोलीवर हुकूम चालावा. घरचे त्याला ‘साहेब’ म्हणत. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं की खुर्ची खिडकीशी, पंख्याकडे पाहिलं की पंखा बंद.

इथपर्यंत ठीक होतं. पण साहेबांना घेऊन येणारं माणूस दर वेळी वेगळं. कधी किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवणारा, भरघोस मिशांचा एक गृहस्थ. कधी कडक इस्त्रीच्या कपड्यातल्या, काठी टेकत येणाऱ्या आजीबाई. कधी आखूड केसांची एक तरुण मुलगी, जी साहेबांशी चक्क भांडायची. तिघांच्या चेहऱ्यांत औषधालाही साम्य नाही. आणि आईचा तर पत्ताच नाही.

चिमणीच्या आईनं मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं होतं. आजीबाई मालकीण, मिशीवाला ड्रायव्हर, मुलगी पगारी. शिकली-सवरलेली बाई, नजर बारीक. आपले अंदाज सहसा चुकत नाहीत असं तिला वाटे.

दुसऱ्यांच्या घरात एवढं डोकावण्यामागे नुसती हौस नव्हती. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशनची तारीख तिनं दोनदा पुढे ढकलली होती आणि आता डॉक्टर ऐकणार नव्हते. ऑपरेशनचं तिला काही वाटत नव्हतं. जिवाला घोर होता तो चिमणीच्या घासाचा. चार वर्षांची चिमणी जन्मापासून अंगानं ताठलेली; तिच्यासाठी गिळणं हेच दिवसाचं मोठं काम. आणि ती जेवायची फक्त आईच्या हातून. आई दवाखान्यात पडली तर भरवणार कोण? नवरा फिरतीच्या नोकरीत, चमचा हातात धरला की त्यालाच घाम फुटायचा. उरले सासरे, अप्पा.

अप्पांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. हात अजून स्थिर, पण तोंडाला लगाम नाही. मांजराचे आवाज काय, बिघडलेल्या मोटारीचे आवाज काय! त्यांना नुसतं बघूनच चिमणी खिदळायची. वर्षभरापूर्वी त्यांनी तिला भरवायला घेतलं, ती हसली, आणि घास अडकला. पोरगी निळी पडायची वेळ आली. सुनेनं झडप घालून वाटी काढून घेतली, ती आजतागायत परत दिली नव्हती. चिमणीच्या जेवणाच्या वेळी अप्पा गॅलरीत जात आणि लख्ख असलेली सायकल पुन्हा पुसत बसत.

म्हणून चिमणीची आई इतर घरं बघत होती. ही माणसं कशी करतात? कोणाच्या भरवशावर सोडतात?

एके दिवशी साहेबांची तिन्ही माणसं एकदम आली. खुर्चीचं चाक अडत होतं, म्हणून उचलायला सगळे हात लागले होते. आत बोलवायला वेळ होता. मिशीवाल्यानं डबा उघडला आणि साहेबांना कुस्करलेलं केळं भरवायला घेतलं. तेवढ्यात ती मुलगी आजीबाईंच्या चालण्याची नक्कल करायला लागली. साहेब अंग घुसळून हसले. तोंड उघडं, मान मागे, आणि मिशीवाल्याचा चमचा ओठांच्या अगदी जवळ.

चिमणीची आई ताडकन उठली. “अहो, हसताना भरवू नका! ठसका लागेल त्याला!”

मिशीवाल्यानं मान वळवली, हात मात्र जागचा हलला नाही.

“भरवत नाहीये बाई. थांबलोय.”

“म्हणजे?”

“साहेबांचं हसून व्हायचंय. झालं की ते खालचा ओठ पुढे काढतात. तोवर आपण सिग्नलला उभे.”

आणि खरंच, हसू ओसरलं, साहेबांनी दोन श्वास घेतले, आणि खालचा ओठ पुढे आला. चमचा आत गेला. मुलीनं पुढची नक्कल दाबून धरली होती; घास गिळला गेल्यावरच तिनं ती सोडली.

“आमच्याकडे असंच आहे,” आजीबाई म्हणाल्या. “आधी हसू, मग घास. एका वाटीला अर्धा दिवस जातो. पण तुमचं बरोबर आहे हो. नर्सबाईंची नजर पडतेच.”

“कोण नर्स?”

“तुम्ही. चिमणीच्या नर्स ना तुम्ही?”

कुणी तोंडात मारावी तसं झालं तिला. “मी आई आहे तिची.”

आजीबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मुलगी एकदम पाण्याच्या पिंपाकडे बघायला लागली.

“बघा, मी सांगत होते,” ती पुटपुटली. “पैज मी जिंकले.”

“गप गं!” आजीबाई म्हणाल्या. “रागावू नका हो. तुम्ही एकट्याच येता, सगळं कसं घड्याळ लावून करता, तोंडानं शब्द नाही. आम्हाला वाटलं, घरचे कुठे गेले या लेकराचे? मी तर त्या न आलेल्या आईला रोज नावं ठेवत होते.”

हसावं की रडावं ते चिमणीच्या आईला कळेना. मग प्रामाणिकपणाच बरा म्हणून ती म्हणाली, “मी ह्यांना तुमचे ड्रायव्हर समजत होते.”

मिशीवाला इतका मोठ्यानं हसला की साहेब पुन्हा सुरू झाले आणि केळं परत सिग्नलला अडकलं. “ड्रायव्हर! अहो, भूगोलाचा मास्तर आहे मी. गाडीही माझी नाही, ह्यांची आहे.”

“मग तुम्ही साहेबांचे...?”

“सांगते,” आजीबाई सरसावून बसल्या. हे सांगायला त्यांना मनापासून आवडत असावं. “साहेब माझ्या मुलाचा मुलगा. माझा मुलगा गेला. सुनेनं दुसरं लग्न केलं ते ह्या मास्तरांशी, आणि लग्न मीच लावून दिलं. ही भवानी मास्तरांची, पहिल्या बायकोची. सून नोकरीला परगावी, सुटी मिळेल तशी येते. आता मला सांगा, हा मास्तर माझा कोण लागतो?”

“भाडेकरू,” मास्तर म्हणाले.

“भाडं दिलंय कधी?”

चिमणीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. आजीबाईंना आणि या बापलेकीला एकाच छपराखाली राहायला कुठल्याच रक्ताच्या नात्यानं बांधलं नव्हतं. बांधलं होतं त्या खुर्चीतल्या साहेबांनी. तिला विचारल्याशिवाय राहवेना. “पण तो तिघांच्याही हातून जेवतो? सवय कशी लावलीत?”

“आम्ही कुठली लावतोय?” मुलगी म्हणाली. “त्यानंच आम्हाला लावली. माझ्याकडे भांडून झाल्यावर जेवतो. आजीकडे गप्प. बाबांकडे हसून. ओठाचं आम्हाला कळायला वर्ष गेलं. तुमच्या चिमणीचं काय आहे? हसून झाल्यावर ती काय करते?”

साधाच प्रश्न. चिमणीच्या जेवणाच्या वेळा, ठसका लागू नये म्हणून पाणी किती घट्ट करायचं ते, मानेखालच्या उशीची उंची, सगळं आईला तोंडपाठ होतं. आणि हे ठाऊक नव्हतं, कारण तिच्या हातून जेवताना चिमणी कधी हसतच नसे.

घरी आल्यावर तिनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. अप्पा गॅलरीत सायकलजवळ होते.

“अप्पा, एक विचारू? चिमणी हसून झाल्यावर काय करते?”

अप्पांनी फडकं घडी केलं. या प्रश्नात कुठला आळ दडलाय का, ते बघत असावेत. मग म्हणाले, “डाव्या मुठीतून अंगठा बाहेर काढते. मग संपलं.”

“तुम्हाला कधीपासून माहीत?”

“त्याच दिवशी बघितलं. अंगठा आत होता आणि मी घास दिला. चूक माझीच. तेव्हापासून बघतोय, कधी चुकली नाही पोरगी.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“वाटी तुझ्याकडे होती बाई.”

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. पोटात त्या खड्यांची कळ येऊन गेली. मग म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर केंद्रात चला. तिथल्या उपचार करणाऱ्या ताईंसमोर भरवा.”

“मला तुझ्यासारखं नाही जमायचं.”

“माझ्यासारखं नकोच. मान सरळ, एवढं माझं ऐका. बाकी तुमचं.”

दुसऱ्या दिवशी ताईंनी अप्पांना आणि चिमणीला आत घेतलं. चिमणीची आई मागोमाग निघाली, तर ताई म्हणाल्या, “तुम्ही बाहेर. तुम्ही दिसलात की ती तुमचीच वाट बघेल.” दार लागलं.

आतून मांजराचा आवाज आला. मग बिघडलेल्या मोटारीचा. चिमणी खिदळली. मग शांतता, लांबच लांब. अंगठा आला का बाहेर? मग चमचा वाटीवर वाजला. आणि एकाएकी खोकला.

ती उठली. हात दाराच्या कडीवर गेला.

“खोकतेय म्हणजे श्वास चालू आहे,” पलीकडच्या खुर्चीतून मास्तर हळूच म्हणाले. “आत ताई आहेत.”

आतून अप्पांचा आवाज आला, एकदम घरगुती, बिनघाईचा. “हं, होऊ दे. होऊ दे तुझं. मला कुठं गाडी पकडायचीय? अंगठा दाखव, मग बघू.”

खोकला थांबला. मग पुन्हा चमचा वाजला, आणि त्यापाठोपाठ गिळल्याचा तो छोटासा आवाज, जो तिनं हजार आवाजांतून ओळखला असता.

तिचा हात कडीवरून खाली आला. ती येऊन खुर्चीत बसली. मांडीवर वाटी नाही, खांद्यावर फडकं नाही. हातांचं काय करावं तेच कळेना. समोर साहेबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग नजर पंख्याकडे नेली.

मास्तरांच्या आधी तीच उठली आणि तिनं पंखा बंद केला.