खालचे चार बोल्ट

माणूस झाडावरून खाली उतरला आणि तिथून संस्कृती सुरू झाली. आमच्या विस्कॉन्सिनमधला व्हर्लिन स्टूबर्ग मात्र गेल्या शनिवारी झाडावरच अडकला, आणि संस्कृतीला तासभर थांबावं लागलं.

व्हर्लिनने स्वतःच्या रानातल्या एका मेपलला ड्रिलने बारा भोकं पाडली आहेत. नराला भुलवायला बुटांना हरणीचं मूत चोपडायचं, भोकांत वीतभर लांबीचे बोल्ट सरकवायचे, त्यांवर पाय देत चढायचं आणि वर कमरेच्या पट्ट्यात झोपाळ्यासारखं लटकून, धनुष्य हातात धरून हरणाची वाट बघायची. उतरताना बोल्ट काढून न्यायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपल्या झाडावर भलताच कोणी बसलेला सापडतो. सगळं ठीक. फक्त नवा गुडघा बसवल्यापासून झाडावर चढणार नाही, असा शब्द त्याने बायकोला, आर्डिसला दिला होता. तिच्या समजुतीने तो जमिनीवर, ओंडक्याआड बसत असे.

शनिवारी दुपारी त्याचा मेहुणा ड्वेन शिकार आटोपून त्याच वाटेने परत निघाला. खोडातले बोल्ट बघून तो पुटपुटला, "विसरला वाटतं गाढव." हात पोचले तेवढे खालचे चार बोल्ट उपसून त्याने खिशात टाकले. मान वर केली नाही.

व्हर्लिन हे सगळं वरून बघत होता. पण ओरडला नाही. पलीकडच्या झुडपात दहा टोकांच्या शिंगांचा नर थबकला होता, आणि अशा वेळी आमच्याकडचा माणूस घर जळत असलं तरी खोकत नाही.

ड्वेनच्या खिशात बोल्ट खणखणले. नर गेला. व्हर्लिन हाक मारेपर्यंत ड्वेनही गेला.

व्हर्लिन उरलेल्या बोल्टांवरून उतरला. शेवटच्या बोल्टखाली सात फूट नुसती हवा. नव्या गुडघ्याने साफ नकार दिला. ड्वेनचा फोन बंद. शेवटी त्याने आर्डिसला फोन लावला.

"कुठेयस?"

"ओंडक्यापाशीच."

"मग?"

"त्याच्या जरा वर."

"किती वर?"

"आता सात फूट. मघाशी वीस होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तेवढ्यात व्हर्लिनने सदतीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढून जाऊ दिला.

"ड्वेन इथे सॉसेज खातोय," आर्डिस म्हणाली. "टेबलावर चार बोल्ट मांडून. तुझे वाचवले म्हणे."

वीस मिनिटांत ती स्वतः आली आणि एकेक बोल्ट भोकात बसवत गेली. "भोकं तरी सरळ पाडलीस," म्हणाली.

व्हर्लिनचे पाय जमिनीला लागले, तेव्हा त्याला जमीन इतकी मऊ कधी वाटली नव्हती.

"मला ऑगस्टपासून माहीत होतं," आर्डिस म्हणाली. "ओंडक्याआड बसणाऱ्याच्या पँटच्या घडीत लाकडाचा भुसा येत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पट्टा नीट बांधतोस का, ते दोनदा येऊन बघून गेले. बांधत होतास."

व्हर्लिनच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. "आर्डिस, यापुढे आयुष्यात मी तुझ्यापासून एकही गोष्ट—"

"ते राहू दे," गाडीचं दार उघडत ती म्हणाली. "आधी बूट काढून मागे टाक. हरणीच्या मुताचा वास येतोय."