वर्षाराणीची हजेरी

आमच्या घरात राहून गेलेल्या पोरींपैकी किती डॉक्टर झाल्या आणि किती नुसत्याच सासरी गेल्या, हे मला विचारू नका. कोणती कोणत्या भाजीला नाक मुरडायची एवढंच मला आठवतं. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं घरावर एकेक मजला चढवला, आम्हीही मागच्या अंगणात दोन खोल्या काढल्या, आणि दहावीचा निकाल लागला की पत्र्याची पेटी नि गादीची वळकटी घेऊन एसटीतून उतरलेल्या पोरी माझ्या दारात येऊन "खाला, कॉट रिकामी हाय का?" असं विचारू लागल्या. खोल्या बांधल्या आमच्या जलीलमियाँनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. पण पोरी माझ्या.

वर्षाराणी बिरादार आली ती बापाच्या मागं लपत. मुखेडजवळच्या खेड्यात अण्णारावांची कोरडवाहू जमीन, घरात तिच्याआधी दहावी ओलांडलेलं कुणी नाही, आणि हिला डॉक्टर करायचं हे त्या माणसानं ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं. खोली बघून झाली तरी हे आपले उंबऱ्यात उभं राहून टोपी हातात फिरवतायत. शेवटी मीच म्हणाले, "अण्णाराव, पोटात हाय ते बोला की! मी काय खाते का तुम्हाला?"

"आपा, राग मानू नका," ते म्हणाले, "पोरगी अंड्यालासुद्धा शिवत न्हाई."

एवढंच ना! त्याच दिवशी मी नवी भांडी आणली, मागच्या खोलीत वेगळी शेगडी मांडली आणि वर्षाला सांगितलं, इथं तुझंच राज्य. महिन्याभरात मीही त्या राज्यात ठाण मांडलं. तिच्याबरोबर बसून चार चपात्या लाटल्याशिवाय मला दिवस गेल्यासारखा वाटेना. मला लेक नाही. वर्षा आली म्हणून ते दुःख गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्याची आठवण यायची कमी झाली, हे खरं.

आमच्या घरात एक पद्धत होती, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझं माहेर किल्लारीच्या अंगाचं. भूकंपानंतर मी भावाच्या बायकापोरांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले होते. दिवेलागणीला महादेवप्पा नावाचे म्हातारे शेडच्या तोंडाशी उभे राहून एकेकाचं नाव पुकारायचे आणि आतून ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं. कुणी दवाखान्यात असलं, कुणी सोलापूरला गेलेलं असलं, तर जवळ बसलेल्यानं त्याच्या वतीनं "हाय" म्हणून टाकायचं. कारण पुकारलेलं नाव तसंच अधांतरी राहिलं की त्या रात्री शेडमध्ये कुणी झोपायचं नाही. जे राहिलेच नव्हते त्यांचीही नावं पहिले काही दिवस म्हाताऱ्यानं घेतली, आणि त्यांच्यासाठीही कुणी ना कुणी "हाय" म्हणालं. त्यात चूक काय नि बरोबर काय, हे ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांनी मला शिकवू नये. लातूरला परत आले तरी ती सवय सुटली नाही. संध्याकाळी मी दारात उभी राहून पोरींची नावं घ्यायची, एखादी न्हाणीत असली तर दुसरी तिच्यासाठी ओरडायची, आणि जलीलमियाँ हसायचे, "आली बघा हेडमास्तरीण!"

बारावीनंतरच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी वर्षानं जिवाचं रान केलं होतं. आणि नेमकी पेपराच्या दिवशी सकाळी पोरगी तापानं फणफणली. उठून उभी राहायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले, म्हणाले, हिला कुठंही हलवायचं नाही. बाकीच्या पोरी पेपराला गेल्या. जलीलमियाँना मी वर्षाच्या उशाशी बसवलं आणि बुरखा चढवून केंद्रावर पळाले, कुणातरी साहेबाच्या हातापाया पडून हिचा पेपर दुसऱ्या दिवशी घेता येतो का ते बघायला. मला काय ठाऊक की सगळ्या राज्याचा पेपर एकच असतो म्हणून!

शाळेच्या फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी. शिपाई मला आत सोडेना आणि मी त्याला सोडेना. तेवढ्यात फाटक लावायच्या आधी भोंग्यावरून न आलेल्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली, आणि कानावर आलं, "वर्षाराणी अण्णाराव बिरादार." एवढी माणसं उभी होती, पण त्या पोरीसाठी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मला ते सहन झालं नाही, आणि शेडमध्ये म्हणायचो तसं, जोरात, माझ्या तोंडून निघून गेलं, "हाय!"

भोंग्यावरचा माणूस पुढच्या नावाकडं वळला. फाटक लागलं. मी कपाळावर हात मारून घेतला. मग मनात म्हटलं, जाऊ दे, यादीत कुठं एखादी हजेरीची खूण चुकीची पडली तर कुणाचं काय घोडं मरणार आहे?

घरी आले तर वर्षा तशीच पडून होती. "उठली होती का?" मी विचारलं. "कूससुद्धा बदलली न्हाई पोरीनं," जलीलमियाँ म्हणाले.

ताप उतरला, पण बापाला सांगायचं धाडस काही तिला झालं नाही. निकालात गैरहजर दिसेलच, तेव्हा सांगू, असं आमचं ठरलं. निकालाच्या दिवशी ती नेट कॅफेतून परत आली ती हसत, पण चेहरा पांढराफटक. "खाला, दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशी! कुणाचे तरी मार्क माझ्या नावावर पडलेत."

मीही हसले. असले गोंधळ तेव्हा रोज कानावर यायचे. हुशार पोराला शून्य पडायचं, कुणाचा पेपर कुणाच्या खात्यावर जायचा. पण आमचं हसणं संपायच्या आत अण्णारावांचा फोन आला. मुखेडच्या भर बाजारात त्यांनी पेढे वाटले होते. वर्षा फोन कानाला लावून नुसती उभी होती. पलीकडं बाप समजत होता की पोरगी आनंदानं रडतेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्रावर गेलो. तिथला क्लार्क पोट धरून हसला. "बाई, मार्क वाढवून द्या म्हणून रांग लागते इथं. कमी करा म्हणणारी तूच पहिली. जा, देवाचं नाव घे नि घरी जा!" पण वर्षा हटेना. शेवटी त्यानं पेपराच्या दिवशी तिच्या वर्गावर असलेल्या नीलाबाई नावाच्या मास्तरणीला बोलावलं. त्यांनी वर्षाला बघितलं आणि त्यांचा चेहराच खुलला.

"अगं तूच ना ती? मला चांगली आठवतेस. पाणी मागितलंस, मीच दिलं की तुला. खिडकीतून बाहेर बघून म्हणालीस, आमची खाला फाटकापाशी उभी हाय." मग त्यांनी वर्षाच्या गालाला हात लावला. "पण वाळलीस का गं एवढी? त्या दिवशी कशी टवटवीत दिसत होतीस."

परत येताना रिक्षात वर्षा माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. माझ्या मनात ते "हाय" सारखं घोळत होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. आजारातून उठलेल्या पोरीला असलं काही सांगतात का?

त्यानंतर ती सुधारेचना. दूध दिलं, खारका दिल्या, डॉक्टर म्हणाले काही नाही, अशक्तपणा आहे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काल वर्षा गंजगोलाईच्या बाजारात दिसली, बांगड्या घेत होती. आणि काल ती दिवसभर माझ्यासमोर पडून होती. जलीलमियाँ जेवायला बसताना एक ताट कमी मांडू लागले. मी ओरडले की ओशाळायचे, "ध्यानातच आलं न्हाई बघ." दिवेलागणीला मी नाव घेतलं की वर्षा "हाय" म्हणायची, पण तिचा आवाज उशिरा यायचा आणि कुठून तरी लांबून यायचा. मी मुद्दाम दोनदा पुकारायची.

मग नांदेडच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाल्याचं कळलं. अण्णाराव मुखेडहून परस्पर तिकडं येणार, वर्षानं लातूरहून एसटीनं यायचं आणि बापलेकीनं मिळून प्रवेश घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. आदल्या दिवशी वर्षा मला म्हणाली, "मी जाणार न्हाई."

"येडी का खुळी?" मी चिडलेच. "बाप तिथं डोळ्यांत प्राण आणून उभा राहील! लोकं एका मार्कासाठी रडतात, आणि तुला अल्लानं ताटात वाढलंय तर लाथ मारून राहिलीस?"

"खाला, तो पेपर मी लिहिला न्हाई. जिनं लिहिला तिची जागा हाय ती. मी पुढच्या वर्षी पुन्हा बसते. अण्णांना संध्याकाळी मीच सांगते फोनवर. रागावतील, पण माझेच अण्णा हायत, किती रागावतील?"

मी तिला उराशी धरली. अशी पोरगी आपल्या पोटी का आली नाही, असं मला पुन्हा एकदा वाटलं, आणि हाताला नुसती हाडं लागली.

संध्याकाळी तिनं फोन लावला, पण अण्णाराव आधीच नांदेडला निघून गेले होते. प्रवेशाच्या दिवशी ती खरंच गेली नाही. दुपारी आम्ही मागच्या खोलीत शेगडीपाशी बसलो. ती लाटत होती, मी भाजत होते. अण्णाराव कॉलेजच्या दारात उन्हात उभे असतील, या विचारानं माझं कशात लक्ष नव्हतं. फोन पोरींच्या सोयीसाठी त्याच खोलीच्या खिडकीत ठेवलेला असायचा. तो वाजला तेव्हा वर्षा उठू लागली. तिला खाली बसवून मीच उचलला.

"आपा!" अण्णाराव रडत होते. शिव्या खायची मी तयारी ठेवली. "आपा, झालं बघा! लागली पोरगी डॉक्टरीला! वाट बघून बघून माझा जीव खालीवर होत होता, तर ही आली की समोरून, हासत. अंग बी भरलंय. तुमच्या हातचं खाऊन गोजिरी झाली हो माझी लेक. घ्या, बोला तिच्याशी."

माझ्यासमोर वर्षा पोळपाटावर वाकून लाटत होती.

"खाला," फोनमधून आवाज आला. तोच आवाज, तीच लाडात ओढलेली हाक. "जेवलात का? बीपीची गोळी घेतली का, का आज बी विसरलात?"

"हाव गं बाई, घेतली," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या आवाजावरही माझी माया तेवढीच दाटून आली. मागं अण्णाराव कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, माझी लेक हाय, माझी. इतक्या सुखात तो माणूस जन्मात कधी बोलला नसेल.

"लाटण्याचा आवाज येतोय," ती म्हणाली. मग विचारलं, "खाला, तुमच्यापाशी कोण हाय?"

वर्षाचे हात थांबले. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. मी काय म्हणते ते ऐकायला ती नुसती थांबली होती. आणि पलीकडं बापाचं ते हसणं.

माझी जीभ मेली, पहिल्यापासूनच उतावळी.

"कुणी न्हाई गं," मी म्हणाले.

फोन ठेवून मी वळले. पोळपाटावर अर्धी लाटलेली चपाती तशीच होती, पुढं कुणी नव्हतं. तव्यावरची चपाती टम्म फुगून कडेनं करपायला लागली होती. मी ती उलटली, पोळपाट माझ्याकडं ओढला आणि राहिलेल्या चपात्या एकटीच लाटत बसले.