शारदाच्या छातीतला आवाज

मित्रांनो, डॉक्टर गळ्यात घालतात ना, तशी मी एक जुनी, रबराला चिरा पडलेली नळी आहे. आपला मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, तेव्हा मी आगगाडीने मलकापूरला उतरले आणि रोहिणखेडच्या नीळकंठ डॉक्टरांकडे आले. "नळी लावून पाहा जी," असं म्हणत लोक मला मान देत. त्या मानाचं काय लोणचं घालू? पुरतं ऐकून घेतो कोण?

भादव्यात मुलींची भुलाबाई बसायच्या सुमारास भगवंतरावांची लहानगी शारदा हिवतापाने फणफणली. डॉक्टरांनी मला तिच्या छातीवर टेकवलं. ठोक्यांच्या मध्ये बारीक फुरफुर होती, ती मी त्यांच्या कानी घातली. ते म्हणाले, "आवाज आहे. तापात, रक्त कमी असलं की लेकरांना असा येतो. ताप उतरला की पुन्हा दाखवा, मग नक्की सांगतो."

झालं! 'आवाज आहे' एवढंच घेऊन मंडळी घरी गेली. ताप उतरला, पण भीतीपायी पुन्हा कोणी फिरकलं नाही. आत्या गोजरबाईंनी ठरवून टाकलं, पोरीचं काळीज फुटणार! मग शारदा दिवसभर खाटेवर. शेजारच्या अंगणात मुली टिपऱ्या वाजवत भुलाबाईची गाणी म्हणत, खिरापत ओळखत, आणि ही खिडकीतून बघे. "मले काऊन नाही जाऊ देत?" असं तिनं विचारलं की आई रुक्मिणीबाई डोळ्यांना पदर लावत. पुढे हे सगळं ऐकलं तेव्हा अस्सा संताप आला मला!

दिवाळीनंतर भगवंतराव धावत आले. "डॉक्टरसाहेब, चला! पोरगी उभी राह्यली का थरथरते. काळीज बसून राह्यलं तिचं!"

त्यांच्या घरी जाऊन डॉक्टरांनी मला पुन्हा तिच्या छातीवर टेकवलं. फुरफुर कुठेच नव्हती. ठोके अगदी ठणठणीत!

"बाई, पळताना दम लागते का तुले?" त्यांनी विचारलं.

"मले पळूच कोण देते?" शारदा म्हणाली.

डॉक्टर चिडून म्हणाले, "काळीज धडधाकट आहे तिचं. निजवून निजवून पायातलं बळ घालवलंत!"

मित्रांनो, मी नुसता आवाज सांगते. त्याचा अर्थ आत्याबाईंना नका विचारू, पुन्हा डॉक्टरांकडे जा. आणि त्या लेकरालाही विचारा, कसं वाटतं म्हणून!

शारदा भिंत धरून उठली, लटपटत उंबऱ्याशी आली. रुक्मिणीबाईंनी घाबरून तिचा दंड घट्ट धरला.

"सोड ना वं माय मले!"

रडत रडत आईनं हात सोडला.