वाजवून दाखवलेला ग्रह

मित्रांनो, मी एक जुना ग्रह आहे, पण मातीचा. १९९६ साली कुंभार पिंपळगावात, रामकिसन कुंभाराच्या चाकावर माझा जन्म झाला.

ज्याच्यावरून मला घडवलं, तो खरा ग्रह पन्नास प्रकाशवर्षं दूर, महाश्व तारकासमूहात आहे. तो आदल्याच वर्षी माणसांना सापडला होता. स्वतःच्या ताऱ्याभोवती तो इतक्या जवळून फिरतो, की त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांत संपतं. त्याच्या एका अंगाला कायम दिवस आणि दुसऱ्याला कायम रात्र असावी, असं म्हणतात. रामकिसनच्या उषेनं ही बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. बारावीतली पोर, पण आकाशाचं वेड असं, की ताटातली भाकर वाळून जायची.

घरात शब्द चालायचा तिच्या आज्याचा, रखमाजीचा. "जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तं जालन्याला कॉलेजात जाऊ दे. न्हाई तं उन्हाळ्यात लगीन," त्यानं सांगून टाकलं.

उषेनं गणितं मांडली, तक्ते लिहिले. गोळा तेवढा बापानं घडवून भाजून दिला, अगदी जीव ओतून. तिनं माझं एक अंग गेरूनं लाल केलं, दुसरं काजळीनं काळं. इतका देखणा मी पुन्हा कधी दिसलो नाही.

जालन्यात परीक्षक माझ्यापुढे थांबले. उषा न अडखळता बोलत होती, साहेब मान डोलवत होते. मागं उभ्या रामकिसनला राहवेना. गिऱ्हाइकाला भांडं देण्याआधी कुंभार ते वाजवून दाखवतो, जन्माची सवय. तो पुढं झाला आणि त्यानं मला बोटानं टणटण वाजवलं.

"बिलकुल चीर न्हाई, साहेब. माझ्या हातचं काम हाय, माझी ग्यारंटी."

"म्हणजे हे तुम्ही केलंय?" साहेबांनी विचारलं.

सगळं विद्यार्थ्यानंच केलेलं हवं, असा नियम होता. उषेचं नाव तिथंच खोडलं. बाकी सगळं तिचंच होतं, पण ती सांगेपर्यंत परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले होते.

उन्हाळ्यात ती वडीगोद्रीला नांदायला गेली.

तेव्हापासून रामकिसन भांडं वाजवत नाही. "तुम्हीच बघून घ्या," एवढंच म्हणतो. मला मात्र त्यानं कापडात गुंडाळून फळीवर ठेवलंय.

यंदा दिवाळीला उषा माहेरी आली. लग्नाला सात वर्षं झाली. त्या ग्रहावर सहाशे उलटली असतील. हे गणित पूर्वी ती करायची, आता मीच करतो. तिनं कापड सोडलं, मला बोटानं वाजवलं आणि बापाला म्हणाली, "अजून बराबर वाजून राह्यला, दादा." रामकिसन उठून बाहेर गेला.

मित्रांनो, माझा एक टवकाही उडालेला नाही. जपायची होती ती पोर, आणि या घरानं जपलं मला.